उलट तालीम

भाऊला निवृत्त करण्याची तालीम सुनेच्या दवाखान्यात झाली.

दुसरी जागाच नव्हती. भाऊ राहायचा तालमीच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर, आणि खाली कोणी शिंकलं तरी वरून ‘कुठल्या प्रवेशात?’ अशी विचारणा यायची. म्हणून रविवारी सकाळी, पेशंट नसताना, घरातली चार माणसं भिंतीवरच्या जबड्याच्या चित्राखाली बसली आणि कोण आधी बोलणार, कोण नंतर, कोण कुठे उभं राहणार हे त्यांनी पक्कं केलं. सुरुवात सूनबाई करणार, तब्येतीपासून. ती दातांची डॉक्टर असल्यामुळे समोरच्याला उत्तर देता येत नाही अशा संभाषणाचा तिला दांडगा सराव होता. मग थोरली लेक, म्हणजे ताई, व्यवहाराचं बोलणार. नाटक कंपनीचा सगळा कारभार तीच बघायची. मग धाकट्याने, ज्याला पन्नाशीच्या तोंडावरही सगळे बाळ म्हणत, भाऊच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून त्याचा हात हातात घ्यायचा. आणि आत्याने रडायचं.

“मी का म्हणून?” आत्याने विचारलं होतं.

“तू त्यांची बहीण आहेस,” ताई म्हणाली.

“म्हणूनच विचारतेय. त्याच्यासमोर एकदा खरंच रडले होते, माझं लग्न मोडलं तेव्हा. तर म्हणाला, डावीकडे वळून रड, उजेड तिकडे आहे.”

तरी ती तयार झाली. जन्मभर कंपनीची प्रॉम्प्टर म्हणून विंगेत उभी राहिलेली बाई. दुसऱ्याने लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडी घालण्यात तिला काही वावगं वाटत नसे. सगळ्यांची वाक्यं सकाळीच तिला पाठ झाली होती.

आता दुपारी ती हॉलच्या कडेला, लोखंडी खुर्च्यांच्या चळतीपाशी, नेमून दिलेल्या जागी बसली होती आणि रुमालाची घडी घालत-मोडत आपल्या एंट्रीची वाट बघत होती. हे तिला नवीन होतं. एंट्री नटांना असते. प्रॉम्प्टरला फक्त पाठीला रग लागते.

हॉलच्या मधोमध, खडूने आखलेल्या घरात, भाऊ बसवत असलेल्या नव्या नाटकाचं दार उभं होतं. भिंत नाही, नुसती चौकट, दार आणि खरी कडी. कडी खरीच हवी, असं भाऊने बजावलं होतं, कारण नाटकाचा शेवट तिच्यावर होता. म्हातारीची मुलं तिला आपल्याकडे घेऊन जायला येतात, दार वाजवतात, विनवतात, आणि ती उघडत नाही. पडदा. निर्मात्याचं म्हणणं होतं, तिने उघडावं. लोक हलक्या मनाने घरी गेले पाहिजेत. लोकांनी कुठल्या मनाने घरी जायचं ते ठरवायला निर्माता काय टॅक्सी चालवतो का, असं भाऊचं म्हणणं.

तर या कडीवर सगळं अडलं होतं, आणि भाऊला तोंडावर सांगायची कोणाची छाती नव्हती. तेवढ्यात सगळ्यांच्या सुदैवाने भाऊचे डोळे गेले.

अगदी गेले नव्हते. मधलं गेलं होतं, कडा राहिल्या होत्या. पण गेल्या आठवड्यात तालमीत त्याने कोट टांगायच्या स्टँडला “मान खाली घालून काय उभा राहिलायस, अपराधी आहेस का तू?” म्हणून झापलं, आणि स्टँडने उलट उत्तर दिलं नाही तेव्हा “हा पोरगा पुढे जाईल,” असंही म्हणाला. संध्याकाळपर्यंत गोष्ट निर्मात्याच्या कानावर होती. निर्मात्याने फार दुःख झाल्याचं कळवलं आणि त्याच फोनवर तोडगाही कळवला. दिग्दर्शक म्हणून बाळचं नाव, आणि भाऊंना ‘मार्गदर्शक’ असा मान. मार्गदर्शक म्हणजे ज्याला हात धरून खुर्चीपर्यंत नेतात तो. आज चहाच्या सुमाराला निर्माता फोटोग्राफरला घेऊन येणार होता. तालीम थांबवायची पितळी घंटी भाऊ स्वतःच्या हाताने मुलाला देतो आहे, असा फोटो ठरला होता. सगळं ठरलं होतं. भाऊला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. भाऊ कठडा धरून उतरला, शेवटच्या पायरीवर थांबला, आणि हॉलकडे मान तिरकी करून पाहिलं. समोरचं बघायचं तर हल्ली त्याला बाजूला बघावं लागे.

“सगळे जमलेत वाटतं. कोण वारलं?”

“कोणी नाही हो, भाऊ,” सूनबाई म्हणाली. “बसा ना. जरा तुमच्या तब्येतीबद्दल बोलायचं होतं.”

“म्हणजे अजून वारायचंय.” भाऊ आपल्या खुर्चीत बसला. खिशातली घंटी काढून त्याने मांडीवर ठेवली. तिच्या लोलकाला रुमाल गुंडाळलेला होता. घरात वावरताना ती वाजली की नातवंडं जागच्या जागी थिजत, म्हणून. “हं. बोला.”

सूनबाई छान बोलली. वय, शरीर, विश्रांती, रक्तदाब. दवाखान्यात बोलली होती त्याहून छान. “आणि भाऊ, तुम्ही आमच्यासाठी काय आहात हे शब्दांत सांगता येणार नाही. आम्हा सगळ्यांचा तुमच्यावर इतका जीव आहे की...”

थांबली. वर छताकडे पाहिलं. “इतका जीव आहे की...”

हॉलमध्ये शांतता पसरली. आत्याला ही शांतता ओळखीची होती. हिचा आवाज वेगळा असतो. पॉज वेगळा, विसरणं वेगळं. तिने काही ठरवलं नाही. ओठ आपले आपण हलले.

“‘...तुम्हाला असं धडपडताना पाहवत नाही,’” आत्या कुजबुजली.

“तुम्हाला असं धडपडताना पाहवत नाही,” सूनबाई मोकळ्या मनाने म्हणाली.

भाऊची बोटं घंटीवर थांबली.

“प्रॉम्प्ट कोणी दिला?”

*

भाऊला उत्तराची गरज नव्हती. तो आवाज त्याने नाटकघराच्या शेवटच्या रांगेत बसूनही ओळखला असता.

त्याच्या डोळ्यांसमोर, जिथे सूनबाईचा चेहरा असायला हवा होता, तिथे एक करडा ठिपका होता. आयुष्यभर त्याने नायकावर नजर ठेवली होती. आता नायक दिसायचा बंद झाला होता आणि विंगेतली माणसं लख्ख दिसत होती. आणि आत्ता विंगेत गर्दी होती. डावीकडे, खुर्च्यांपाशी, बहीण, हातात रुमाल तयार. उजवीकडे, दाराच्या चौकटीला टेकून, मुलगी. खुर्चीच्या बाजूला मुलगा, गुडघ्यावर बसायच्या बेतात. पॅन्ट चुरगळू नये म्हणून त्याने आधीच वर ओढून घेतली होती.

जागा चांगल्या निवडल्या होत्या. अगदी त्याने निवडल्या असत्या तशा. त्याला एकाच वेळी संताप आला आणि मुलं वाया गेली नाहीत असंही वाटलं.

“अस्सं,” तो म्हणाला. “बसवून आणलंय. कुठे केलीत तालीम?”

“दादा, तू उगीच...” आत्या म्हणाली.

“कुठे?”

“दवाखान्यात,” आत्या म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. लिहून दिलेलं नसे म्हणून.

“तरीच सगळे दात दाखवून बोलताय. बरं. पहिल्यापासून घ्या.”

“भाऊ, प्लीज,” बाळ म्हणाला.

“प्लीज काय? इतकी मेहनत केलीत, मग प्रयोग नको? सूनबाई, ‘रक्तदाब’ म्हणताना आवाज खाली आण, तो काही नायकाची एंट्री नव्हे. आणि ताई, तू त्या चौकटीला टेकू नकोस. जिला बोलायचंय ती टेकत नाही. जिला निघायचंय ती टेकते.”

*

ताई चौकटीपासून बाजूला झाली आणि मग आपण बाजूला का झालो म्हणून स्वतःवरच चिडली. चौपन्न वर्षांची बाई, दोन मुलांची लग्नं केलेली, आणि या माणसाने बसल्या जागेवरून ‘हल’ म्हटलं की पाय हलतात.

“तालीम नाही, भाऊ. मी सरळच सांगते,” ती म्हणाली. “नाट्यगृहाच्या तारखा निर्मात्याकडे आहेत. पुढे या नाटकाचा सिनेमा करायचा हक्कही त्यांच्याकडे. त्यांना कागदावर डोळे असलेला माणूस पाहिजे. बाळचं नाव लागणार. तुम्ही मार्गदर्शक. ते थोड्या वेळात येतायत. फोटो काढायला.”

“कसला फोटो?”

ताईने घंटीकडे पाहिलं. भाऊने घंटी दुसऱ्या मांडीवर ठेवली.

“आणि म्हातारी?” त्याने विचारलं. “दार उघडते?”

“उघडते,” बाळ म्हणाला.

“का?”

“का म्हणजे? भाऊ, तुम्हाला दिसत नाही. कोट-स्टँडला झापलंत तुम्ही.”

“ते माझ्या डोळ्यांचं झालं. मी तिचं विचारतोय. ती का उघडते?”

“लोकांना आवडेल.”

“लोकांना जिलबीही फुकट आवडेल,” आत्या म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण या बाजूला नाही.

“तुम्ही पण कंपनीच्या जुन्या मास्तरांच्या हातून घंटी घेतलीच होती की,” बाळचा आवाज चढला. “सगळ्या मुलाखतींत सांगता. पडदा ओढायला कंपनीत लागलो आणि चोविसाव्या वर्षी मास्तरांच्या खुर्चीत बसलो म्हणून.”

“घेतली नाही. हिसकावली. भर तालमीत, सगळ्या कंपनीसमोर. मास्तर म्हणायचे राजा मरताना रडला पाहिजे. मी म्हटलं, जन्मभर दुसऱ्यांना रडवलेला माणूस मरताना रडत नाही, हिशेब विचारतो. भांडलो. त्यांनी घंटी फेकून मारली, ही खोक बघ कपाळावर. मग राजा रडला नाही, आणि नाटक धो धो चाललं. पडलं असतं तरी रडला नसता.” भाऊ पुढे वाकला. “तुला हवी ना घंटी? ये, भांड. मला सांग, मी चूक कुठे आहे. ती दार उघडते, कारण तुझ्या मते ती अशी अशी बाई आहे. सांग. पटवून दे, आत्ता देतो, फोटोसकट. पण तू काय घेऊन आलायस? बायको, बहीण, आत्या आणि फोटोग्राफर!”

बाळने वर ओढलेली पॅन्ट खाली सोडली. ताईला त्याची कीव आली आणि जरा बरंही वाटलं, कारण दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटणं हेच मोठ्या बहिणीचं काम असतं.

“आणि कोणाला काही द्यायचं झालंच,” आत्या अंगठ्याने रुमालाची घडी सारखी करत म्हणाली, “तर बाळच का? कंपनी चालवते ताई. तालमीला रोज बसते ताई. तिचं नाव कोणाच्या डोक्यात आलं होतं का?”

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ते तिच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिला एकदम गरम व्हायला लागलं.

“माझा विषय नाहीये इथे,” ती म्हणाली.

“नसतोच,” आत्या म्हणाली.

भाऊने घंटीचा रुमाल चाचपला. मग त्याने खांदे पाडले. हात जोडल्यासारखे केले.

“बरं बाबांनो,” तो थकलेल्या आवाजात म्हणाला. “तुमचंच खरं. येऊ दे निर्मात्याला. देतो घंटी.”

सूनबाईने सुटकेचा श्वास सोडला. बाळ पुढे झाला. फक्त आत्या जागची हलली नाही.

“दादा,” तिने विचारलं, “रीळ आहे का आत?”

हे या घरात कोणालाही कळत होतं. भाऊच्या पहिल्या सिनेमाला भांडवल घालणाऱ्या शेटला शेवट गोड हवा होता. भाऊने वाद घातला नाही. शेटला सेटवर बोलावलं, खुर्ची दिली, पाऊस पाडला, नायक-नायिकेला मिठी मारायला लावलं, तीन तीन अँगलने शूट केलं, आणि शेटने डोळे पुसले. कॅमेऱ्यात रीळच नव्हतं. सिनेमा लागला तेव्हा नायिका बोटीत बसून एकटी निघून गेली, आणि शेट थिएटरात उभा राहून आपली मिठी शोधत राहिला. तेव्हापासून घरात कोणी फार पटकन हो म्हणालं की हाच प्रश्न विचारला जाई. ताईला स्थळाने होकार कळवला तेव्हा आईने त्या मुलालाही तो विचारला होता, आणि तो बिचारा कॅमेरा आणायला निघाला होता.

भाऊने खांदे वर घेतले. थकवा उतरवून ठेवावा तसा उतरवला.

“नाही,” तो म्हणाला. “पण ते आता चालायचं नाही. त्या शेटला रीळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हा जागच्या जागी फोनवर बघतो, काय आलं, काय नाही.” तो उठला. “उलट तालीम घेऊ.”

“भाऊ, ते लोक येतायत!”

“प्रयोगाआधी एकदा उलट तालीम होते. या कंपनीत ती चुकलेली नाही. तुम्ही नाटक बसवून आणलंत, मग नियम नाटकाचा.”

उलट तालीम म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याची भूमिका करायची. हा शोध आईचा. ती कंपनीची नायिका होती; समोरचा नायक तिचं वाक्य ऐकायचाच नाही, आपल्या वाक्याची वाट बघत उभा राहायचा, म्हणून एकदा वैतागून ती त्याच्या जागी जाऊन उभी राहिली आणि त्याचं भाषण म्हणायला लागली. पुढे भाऊने मुलाखतींतून हा शोध आपला म्हणून सांगितला. आईने ते वाचलं आणि म्हणाली, “छान लिहिलंय. शोध लागला तेव्हा तू चहा प्यायला गेला होतास.”

“सूनबाई, तू आत्या,” भाऊ वाटणी करत होता. “रडायचंय. तू गं, दातांची डॉक्टर.”

“मला त्यातलं काय कळतंय?” आत्या म्हणाली.

“तिला नाटकातलं काय कळत होतं? ताई, तू निर्माता.”

ताईला वाटलं, नाही म्हणावं. पण निर्मात्याची फोनवर बोलायची लकब तिला इतकी पाठ होती की घशात आलीच. “भाऊसाहेब,” ती म्हणाली, “मी तर तुमच्या पायाची धूळ आहे. फक्त शेवट बदलायचा.”

आत्या खो खो हसली.

“आणि बाळ,” भाऊ म्हणाला. “तू मी.” त्याने रुमाल सोडला आणि घंटी मुलाच्या हातात दिली. त्यात काही समारंभ नव्हता. मीठ द्यावं तशी दिली.

*

बाळ मालिका करायचा. रोज एक भाग. प्रसंग कुठलाही असो, सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा फिरला की तो संपायचा. चांगलं चाललं होतं त्याचं. सेटवर सगळे त्याला सर म्हणत, आणि मॉनिटरसमोरच्या त्याच्या खुर्चीला चाकं होती.

या खुर्चीला नव्हती. तो बसला, मान तिरकी केली आणि म्हणाला, “कोण वारलं?”

हुबेहूब आवाज काढला होता. सगळे हसले, भाऊसुद्धा. बाळला बरं वाटलं. लहानपणी कपड्यांच्या पेट्यांवर झोपायचे दिवस होते, तेव्हा तो कंपनीला भाऊची नक्कल करून दाखवायचा. भाऊ विंगेतून बघायचा आणि नंतर फक्त ‘हाताचं चुकलं’ एवढंच सांगायचा.

मग भाऊ त्याच्या खुर्चीपाशी आला आणि गुडघ्यावर बसला. गुडघे असे वाजले की सूनबाई डॉक्टर म्हणून उठली आणि आत्या म्हणून पुन्हा खाली बसली. भाऊने बाळचा हात हातात घेतला.

“भाऊ,” तो म्हणाला, “मला तुमची फार काळजी वाटते हो.”

नक्कल नव्हतीच ती. तो आवाज जपून, कडेकडेने चालणारा, कोणाला लागू नये असा, आणि त्यात काळजी सोडून सगळं होतं. आपण निर्मात्याशी असं बोलतो. चॅनेलशी असं बोलतो. बायकोशी, वेळ नसला की.

“तुम्हाला दिसत नाही, भाऊ,” भाऊ पुढे म्हणाला. “स्टँड कुठला, माणूस कुठला, कळत नाही. तुम्ही नाटक कसं बसवणार?”

बाळने डोळे मिटले. भाऊ काय म्हणाला असता? काहीतरी खडूस म्हणाला असता. पण डोळे मिटल्यावर आधी आवाज आले. ताईची एक चप्पल मघापासून फरशीवर हलकेच आपटत होती. ती खोटं बोलते तेव्हा पाय असा चुळबुळतो, आणि आत्ता तो थांबला होता. बायको तोंडाने श्वास घेत होती. कोपऱ्यात तो स्टँड होता, त्याच्यावर कोणाचा तरी कोट, आणि...

“त्या स्टँडच्या जागी नोकर उभा पाहिजे होता,” बाळ म्हणाला. आवाज भाऊचा काढायचा राहून गेला. “दुसऱ्या प्रवेशात. म्हातारी आत जाते तेव्हा नोकर मान खाली घालून उभा. खडूने खूण आहे तिथे. मी त्याच जागेवर ओरडलो. तो नट कुठे होता?”

कोणाची तरी खुर्ची करकरली.

“चहाला गेला होता,” ताई सावकाश म्हणाली. “मागच्या दाराने.”

“तुम्ही सगळे होतात इथे. मी... बाळ होता. डोळे शाबूत असलेले सगळे. नट जागेवर नाही हे कोणाला दिसलं?” त्याने डोळे उघडले नाहीत. “तुम्ही स्टँडला हसत होतात. मीच एकटा त्याला शोधत होतो.”

हातातला म्हाताऱ्या हातांचा दाब किंचित वाढला. पण भाऊ भूमिकेतून बाहेर आला नाही. “बरोबर आहे हो, भाऊ, पण लोकांना काय सांगायचं?”

“आणि भाऊसाहेब,” ताई दाराच्या चौकटीमागून, निर्मात्याच्या गोड आवाजात म्हणाली, “उघडलं दार म्हातारीने, तर काय बिघडलं? पोटची मुलंच आहेत ना बाहेर? प्रेमानेच आलीयत. उघडू द्या. टाळ्या पडतील.” आणि तिने ते खोटं दार ठकठक वाजवलं.

बाळला उत्तर शोधावं लागलं नाही.

“प्रेमाने आलेली नाहीत. तिला भेटायला कुठे आलीयत ती? न्यायला आलीयत. भेटायला येणारी माणसं सकाळी बसून कोणी काय बोलायचं ते ठरवून येत नाहीत. कोणी रडायचं, कोणी हात धरायचा, ते वाटून घेत नाहीत. ती आतून ऐकते ना त्यांचं बोलणं. सगळं ऐकते. प्रत्येकजण आपापलं वाक्य बरोबर म्हणतो, आणि म्हणूनच ती उघडत नाही. एकजण जरी अडखळला असता तरी तिने...”

तो अडखळला.

सूनबाई रडत होती. आत्याची भूमिका म्हणून रडायचं होतं तिला. पण आत्याने तिला रुमाल दिला तेव्हा तिने तो तोंडावर धरला आणि डावीकडे वळायचं विसरली.

“हे नाटकात नाहीये,” भाऊ जमिनीवरून म्हणाला. आता आवाज त्याचा होता. “हे असं कोणी मला सांगितलं नव्हतं. मला फक्त माहीत होतं की ती उघडत नाही.”

बाळने डोळे उघडले.

तेवढ्यात दार वाजलं. हॉलचं.

“भाऊसाहेब!” बाहेरून निर्मात्याचा आवाज. ताईने काढला होता त्याहून जरा कमी चांगला. “आलो बरं का! फोटोवाले पण आलेत. उघडा, उघडा!”

सवयीने ताई निघाली. या हॉलचं दार आजवर तिनेच उघडलं होतं. भाडं मागायला येणाऱ्यांना, हार घेऊन येणाऱ्यांना, एकदा परदेशातून बक्षीस मिळालं तेव्हा आधी शिव्या घालून गेलेल्या सगळ्यांना. ती दारापाशी पोचली. कडीवर हात ठेवला. आणि मागे वळून भावाकडे पाहिलं.

“तारखा जातील,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी आत्ता खरं बोलतेय. नाट्यगृह नाही, सिनेमा नाही. तुझ्या मालिकेतही यांचे पैसे आहेत.”

“माहीत आहे,” बाळ म्हणाला.

“मग कुठे करायचं नाटक?”

बाळने भाऊकडे पाहिलं. भाऊ जमिनीवर बसून होता, तोंड दुसरीकडे वळवून; म्हणजे बहुधा त्याच्याकडेच बघत होता. त्याने काही सुचवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

“इथे,” बाळ म्हणाला. “खुर्च्या आहेत की. दार आहे. कडी खरी आहे.”

“बाळसर!” बाहेरून हाक आली. “तुम्ही आहात ना आत? तुमचं नाव छापायला टाकलंय हं!”

“काढा!” बाळ ओरडला. कडेकडेने नाही, मधून. “माझं नाव काढा. नाटक भाऊंचं आहे. आणि म्हातारी दार उघडत नाही!”

“काय? ऐकू येत नाहीये. दार उघडा आधी!”

ताईने कडी पुन्हा चाचपली. ती लागलेलीच होती. तिने वरचा बोल्टही सरकवला, आवाज होईल असा, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. ही टेकण्याची पद्धत वेगळी होती.

बाहेर बुटांची चुळबुळ झाली. फोटोग्राफरने काहीतरी विचारलं. मग दार पुन्हा वाजलं, या वेळी मुठीने.

भाऊ अजून बाळचा हात धरून होता. उलट तालीम कोणी थांबवली नव्हती. त्याने घसा साफ केला आणि बाळच्या त्या जपून बोलायच्या आवाजात म्हणाला,

“पण भाऊ, निर्माते चिडतील ना हो.”

बाळने तोंड उघडलं. उत्तर त्याला ठाऊक होतं, पण शब्द काही बाहेर येईनात. हॉलमध्ये शांतता पसरली. आत्याला ही शांतता ओळखीची होती.

“‘चिडू दे,’” आत्या कुजबुजली.

“चिडू दे!” बाळ म्हणाला, आणि त्याने घंटी वाजवली.